तुकतुकीत अळ्या

मुक्काम बडोदे

सन्मान्य भास्करराव मेहुणे यांस,

संपतरावाचा नमस्कार पोचावा. आपल्या भगिनी गंगाबाई सुखरूप आहेत, माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो आहे, आणि डभोईचे पाणी आपल्याला मानवले असेल अशी आशा आहे. इथवरची बातमी चांगली आहे. पुढची बसून वाचावी.

आषाढात बदली होऊन जाताना आपण भेकांची तीन पिले (खरबरीत पाठीचे बेडूकच ते, पण आपण मास्तर मंडळी भेक म्हणता म्हणून मीही म्हणतो) माझ्या स्वाधीन केलीत. किडे जिवंतच घालावेत, पिलाच्या तोंडाहून लहान असावेत, आणि केसाळ सुरवंट, काजवे व चावऱ्या मुंग्या मुळीच नकोत, असे आपण बजावलेत. मी म्हटले, आयुष्य सरकारी पागेत गेले, मला भरती शिकवू नका. श्रावणभर मी ती चोख केलीही. शेणीखालची वाळवी, परसातले इवलेसे नाकतोडे, एकेकाचे हत्यार तपासून आत सोडत होतो. पिले माझी चाहूल ओळखू लागली. (गंगाबाई म्हणतात, माझी नव्हे, वाळवीची.)

मग आश्विनात गहू आडवा आला. पादरा गावाहून आणलेल्या गव्हाला कीड लागली, म्हणून गंगाबाईंनी इथल्या रीतीप्रमाणे त्याला दिवेल, म्हणजे आपले एरंडेल, चोळून तो गच्चीवर पसरला. मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पाहतो तो गव्हातून अळ्या बाहेर पडत होत्या. लहान, मऊ, बिनकेसाच्या, आणि अंगावर अशी तकाकी की बघत राहावे. पागेत आम्ही जनावराची तब्येत तकाकीवरूनच ओळखत असू. मी सर्वांत तुकतुकीत अळ्या निवडून घेतल्या आणि निस्तेज दिसल्या त्या नापास केल्या. भास्करराव, तेलातून सुटलेल्या तेवढ्याच होत्या.

पिलांनी ताव मारला. एरंडेल माणसाला काय करते ते आपण जाणता. ही तर अंगठ्याएवढी. मी पाणी बदलत बसलो, पण दोन पिले गेली. त्यांना मोगऱ्याखाली पुरले. गंगाबाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "घोड्याची चंदी हुंगल्याशिवाय घालत नव्हतात. यांचं तेवढं हुंगायला काय झालं होतं?"

मला फार वाईट वाटते आहे. आपण विश्वासाने जीव सोपवलेत. तिसरे पिलू वाचले, पण ते गंगाबाईंच्या हातून खाते, माझ्या हातून तोंड फिरवते. (त्याचे बरोबरच आहे.) तरी डभोईच्या गाडीने कोणी माणूस पाठवून ते घेऊन जावे. मी या कामाला लायक नाही.

आपला अपराधी,
संपतराव

ता. क. माणूस पाठवण्याची घाई नाही. हल्ली ऊन फार आहे, आणि त्या गाडीला धक्केही फार बसतात.

आणखी ता. क. माणूस निघालाच असेल तर येऊ द्या. त्याला पोटभर जेवू घालून रिकाम्या हाताने परत पाठवीन. पिलू माझ्याकडेच राहू द्यावे, एवढे मागणे आहे. पाकीट चिकटवायला ओसरीवर बसलो होतो, तर ते आपणहून माझ्या जोड्याशी येऊन बसले. मी वाळवी पुढे केली. त्याने घेतली. आधी मी ती हुंगून पाहिली होती.