डावी बाही दोन बोटं लांब

व्हॅनलुस, कोपनहेगन
नोव्हेंबरातला तिसरा रविवार

तीर्थरूप रिग्मोरताईस,

तुझ्या एकुलत्या एका धाकट्या भावाचा, थॉर्किलचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडी चढू नका म्हणून बजावलंय आणि तू सफरचंदं ठेवायला रोज माळ्यावर चढतेस, हे मला शेजारच्या एज्नाबाईंकडून कळलं. (त्यांच्यावर डाफरू नकोस, मीच फोन करून खोदून विचारलं होतं.) कोंबड्या अंडी देतायत ना? बेटावर वारा फार आहे असं रेडिओवर सांगत होते. इकडचं सगळं क्षेम आहे. 'सगळं' ह्या शब्दाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहावं लागेल, तेव्हा चष्मा लावून आणि कॉफी घेऊन बस.

सिसेलचं लग्न बारा डिसेंबरला नगरभवनात आहे हे तुला माहीत आहेच. चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना, पण मुलगी लग्नाला उभी राहतेय म्हणून मी खुशीत होतो. गेल्या शनिवारी ती घरी आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाबा, तू लग्नात काय घालणार आहेस?" मी म्हटलं, "हेच." 'हेच' म्हणजे तू विणलेला निळा स्वेटर. ती म्हणाली, "स्वेटर घाल रे, पण त्यावर तो जुना कोट नको. त्या कोटात तू अजून कामावर असल्यासारखा दिसतोस." आता तूच सांग, एकतीस वर्षं ज्या कोटात मी ह्या शहराची बस चालवली तो कोट मुलीच्या लग्नात का चालू नये? पण सिसेल दारांच्या मुठींची चित्रं काढणाऱ्या कचेरीत काम करते. (हो, निव्वळ मुठींची. अकरा माणसं आहेत तिथे.) अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी टोपी घातली आणि निघालो.

ज्या रस्त्यांवरून मी रोज आठ-आठ फेऱ्या मारल्या, तिथल्या दुकानांत मी कधी पाय ठेवला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. काचेच्या आत काय चालतं ह्याची मला बसच्या उंचीवरून काहीच कल्पना नव्हती. करकोच्यांच्या कारंज्यापासून दोन गल्ल्या आत सिसेल मला एका दुकानात घेऊन गेली. दुकानाला पाटी नव्हती. (पाटी लावली की गिऱ्हाईक बिचकतं म्हणे.) आत एक लांबलचक पांढरी खोली, खोलीत चार कोट, आणि मधोमध एक मोठा धोंडा. मी विचारलं, धोंडा कशाला? विक्रीला उभी असलेली लिव्ह नावाची बाई नम्रपणे म्हणाली, "त्याने जागेला शांतता येते." मी आपला काळा कोट दाखवा म्हटलं. ती म्हणाली, "हा काळा, हा कोळशासारखा आणि हा ओल्या डांबरासारखा." ताई, तिन्ही काळेच होते. सिसेल मात्र तिघांसमोर अशी उभी राहिली की जणू तीन स्थळं आली आहेत. शेवटी डांबर पसंत पडलं.

आता मुद्द्यावर येतो. कोट घालून बघायचा म्हणून मी पडद्यामागे गेलो, तुझा स्वेटर काढला आणि बाहेरच्या लाकडी दांडीवर अडकवला. दांडीवर आधीच पाच-सहा वापरलेले कपडे होते. मला वाटलं, इतर गिऱ्हाइकांचे असतील. सिसेलने मला उजेडात, अगदी रस्त्यापर्यंत नेलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, चालायला लावलं, सायकलवर बसल्यासारखे हात करायला लावले. ह्यात वीस मिनिटं गेली. परत येऊन बघतो तर दांडीवर स्वेटर नाही!

ती दांडी जुन्या, निवडक, हाताने केलेल्या कपड्यांची होती, ताई. विक्रीची. लिव्हच्या जोडीदारणीला वाटलं, नवीन माल आला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याने तुझा स्वेटर उचलला, "किती?" म्हणाला. तिने अंदाजाने अठराशे क्रोनर सांगितले, आणि तो घासाघीस न करता अंगात घालून निघूनही गेला. (अठराशे! मी गेली दोन वर्षं तो घालून बागेतली पानं झाडत होतो.)

मी त्या धोंड्यावर बसलो. बसू नका असं कोणी म्हणालं नाही. सिसेलला वाटलं मला चक्कर आली. तसं नव्हतं. मला ती पेटी आठवत होती. मार्स्टालचं वडिलांचं घर विकल्यावर आपण चौदा महिने एकमेकांशी बोललो नव्हतो. (चूक कोणाची ते मी आता काढत नाही. कागदावर सही आधी तुझी झाली एवढंच म्हणतो.) मग एके दिवशी टपालाने पेटी आली. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, फक्त स्वेटर. मी तो घातला आणि तुला फोन लावला, आणि आपण कोंबड्यांविषयी पाऊण तास बोललो. तो स्वेटर अठराशे क्रोनरला गेला म्हटल्यावर मी बसणार नाही तर काय करणार?

लिव्ह रडवेली झाली. चुकीबद्दल माफी म्हणून कोटाचे निम्मेच पैसे घेते म्हणाली. ते सिसेलने मी 'नको' म्हणायच्या आत भरूनही टाकले. पण गिऱ्हाइकाचं नाव सांगता येणार नाही, नियम आहे, असं तिने सांगितलं. मग दाराशी आम्हाला सोडायला आली आणि खाली बघत म्हणाली, "तो नॉरब्रोला कागदाचे दिवे करतो, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

आम्ही बस पकडली. (ड्रायव्हर वळणावर ब्रेक फार उशिरा दाबत होता, पण मी बोललो नाही. म्हणजे एकदाच बोललो.) नॉरब्रोला विचारत विचारत पोचलो त्या गल्लीत दिव्यांची दुकानं तीन निघाली आणि बाकीच्या दुकानांतही दिवे होतेच. एका दुकानात कप होते, त्यांना कान नव्हते. मी विचारलं, गरम कॉफी धरायची कशी? मालकीण म्हणाली, "थोडं थांबायचं." दुसऱ्यात एक खुर्ची होती. पाय दुखत होते म्हणून मी टेकणार, तोच एक जण धावत आला, "काका, काका, ही बसायची नाही!" मी म्हटलं, मग? तो विचारात पडला. खरंच विचारात पडला, बिचारा. आम्ही निघालो तरी तो खुर्चीकडेच बघत होता.

चौथ्या दारात सापडला. आस्गर नाव, चाळिशीचा, झेंड्याच्या काठीसारखा उंच, शिडीवर चढून छताला दिवा टांगत होता, आणि अंगात तुझा स्वेटर. ताई, खोटं कशाला सांगू, त्याला तो माझ्यापेक्षा चांगला दिसत होता. मी घसा खाकरला, पण आम्ही गिऱ्हाईक आहोत असं समजून तोच बोलायला लागला. सिसेलने स्वेटरकडे टक लावलेली बघून तर तो शिडीवरून खालीच उतरला. "आवडला ना? आजच घेतला. ही डावी बाही बघा. दोन बोटं लांब आहे."

इथे तुला एक सांगणं भाग आहे. डावी बाही दोन बोटं लांब आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ती आत दुमडून घालत होतो आणि तुझ्यासमोर आलो की हात खिशात ठेवत होतो. आता रागव.

आस्गर म्हणाला, "हे कोणीतरी फार विचार करून केलंय. सायकलवर डावीकडे वळताना आपण हात बाहेर काढतो, बाही वर सरकते, मनगट गारठतं. विणणाऱ्याने हे ओळखलं!" आणि त्याने भर दुकानात डावा हात काढून दाखवला. सिसेल गंभीरपणे मान डोलावत होती. (उजवीकडे वळताना हे लोक काय पायाने खूण करतात?) मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, तो माझा स्वेटर आहे. माझ्या बहिणीने विणलाय. आणि तिची चूक झालीय."

सिसेलने मला कोपर मारलं. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि टाके बघायला लागला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "चूक नाहीये काका. ओळी दोन्हीकडे सारख्याच आहेत, मी मोजल्या. पण उजव्या बाहीची वीण बघा, बोट शिरत नाही इतकी घट्ट. डावी सैल आहे, मऊ आहे. म्हणून लांब झाली. हात एकाच बाईचे आहेत ना?"

"एकाच बाईचे."

"मग मधे काय झालं?"

ताई, मी त्या दोन बाह्यांकडे बघत राहिलो. दोन वर्षं अंगात घातला होता, पण एकदाही नीट बघितला नव्हता. मी म्हटलं, "मधे तिचा राग उतरला."

त्याने तिथल्या तिथे स्वेटर डोक्यावरून काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. आत नुसता बनियन होता आणि दुकानाचं दार उघडं होतं. मी त्याला माझा नवा कोट देऊ केला. तो नको म्हणाला, "डांबर मला खुलत नाही." (म्हणजे रंगाला तेच नाव होतं! मी उगाच लिव्हवर हसलो.) त्याचे पैसे लिव्हने त्याच दिवशी परत केले. सिसेलने उपकाराची फेड म्हणून एक कागदाचा दिवा घेतला. तो माझ्या स्वयंपाकघरात लावलाय, माझ्याच कपाळाच्या उंचीवर.

तर असं झालं. हे सगळं तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. उजव्या बाहीबद्दल मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. जमलं तर. कोंबड्यांना आशीर्वाद, एज्नाबाईंना नमस्कार.

तुझा,
थॉर्किल

ता. क. वर स्वेटर परत मिळाला असं लिहिलंय, ते खरं आहे. मात्र त्याला आस्गरचा डिंक लागला होता. मी तो स्वतःच धुतला. यंत्रावर साठचा आकडा होता, मला वाटलं मिनिटं असतील, ते पाण्याचे अंश निघाले. आता तो वरच्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या आल्माला अगदी मापात बसतो. दोन्ही बाह्या सारख्या झाल्यात.

दुसरा ता. क. त्यामुळे लग्नाला कोटाच्या आत घालायला माझ्याकडे काही नाही. तू बारा तारखेच्या सकाळी येऊन संध्याकाळच्या बोटीने परत जाणार असं कळवलं होतंस. तेवढ्यात स्वेटर कसा होणार? पंधरा दिवस आधी आलीस तर माप घेता येईल.

तिसरा ता. क. मापाचं खोटं आहे. माझं माप तुला पाठ आहे. त्या दिवशी येताना बसमध्ये सिसेल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, माझ्या झग्याला पाठीमागे बावीस बटणं आहेत." मी म्हटलं, मी लावीन की. ती म्हणाली, "तू नको. आई असती तर तिने लावली असती." आणि मग दोन थांबे गेल्यावर, "आत्या थोडी आधी येईल का रे? तू विचारशील?" मी लगेच हो म्हटलं, आणि घरी येऊन सहा पानं स्वेटरवर लिहिली. आता ती इथेच माझ्या खुर्चीमागे उभी आहे, बटाटे सोलायची सुरी हातात घेऊन, आणि तिसऱ्यांदा विचारतेय, "लिहिलंस का?"

लिहिलं.