मोरीवरचा पाव्हणा

आई, मोरीला पडदा म्हणून लावलेला तो सोललेला माणूस आठवतो का गं तुला? तुझ्याशी भांडायचं म्हणून आज लिहायला बसले, तर तुझ्या आधी तोच समोर येऊन उभा राहिला.

मी तेव्हा नववीत, म्हणजे सत्त्याहत्तर साल असेल. बाबा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. तिथं प्लॅस्टिकची नवी मॉडेलं आली आणि भिंतीवरची जुनी, परदेशात छापलेली चित्रं भंगारात निघाली. त्यातलं एक बाबा साहेबांना विचारून नाशिकरोडच्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन आले. मागून कापड लावलेलं, वरून रोगण दिलेलं, पुरुषभर उंच. आपल्या मोरीचा गोणपाटाचा पडदा कुजला होता. रोगणावर पाणी ठरत नाही हे तू बोट ओलं करून बघितलंस आणि खिळे मागितलेस. बाबा म्हणाले, "अगं, ते शिकवायचं चित्र आहे." तू म्हणालीस, "मग पोरगी शिकंल की आंघोळ करताना."

काय चित्र होतं ते! अंगावर कातडं नाही, पळसाच्या फुलासारखे लालभडक स्नायू, पोटाची दारं उघडी, आत आतडी नीट लावून ठेवलेली, आणि चेहरा मात्र सिन्नरच्या गाडीची वाट बघत असल्यासारखा शांत. स्वतःचं कातडं त्यानं पंच्यासारखं हातावर टाकलेलं. कमरेला एक पान. मागे नदी, झाडं, देवळासारखं काहीतरी, आणि पायाशी एक इवलंसं निळं फूल. तू ठरवून टाकलंस की नदी म्हणजे गोदावरीच आणि हा रामकुंडावर आंघोळीला निघालाय. "लय उकडत असंल, कातडं बी काढून ठिवलंय," म्हणालीस. तेव्हापासून तो पाव्हणा झाला. मी पुढं जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण त्या फुलाचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. माणूस सोलून उभा करायचा आणि मग त्याच्या पायाशी फूल काढायचं, हे त्या चित्रकाराला कुणी सांगितलं असेल?

शेजारची काकू आधी किंचाळली होती, "मेलं नागडं ते नागडं, वर कातडं पण नाही!" मग तीच पहिली आली, पित्तानं कुठं दुखतं ते त्याच्या पोटावर दाखवायला. हळूहळू आळीतल्या बायकांचं ते ठिकाणच झालं. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. डॉक्टरसमोर ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्या पाव्हण्याच्या अंगावर बोट ठेवून घडाघडा बोलायच्या. तू चहा टाकायचीस आणि हसायचीस. स्वतःचं मात्र कधी दाखवलं नाहीस.

मग एका दुपारी तू कपडे पिळता पिळता थांबलीस. मला हाक मारलीस. त्या पानाच्या जरा वर बोट नेलंस आणि तिथंच फिरवत राहिलीस. "इथं दुखतं गं. पण ह्याच्याकडं ते नायच."

बाप्याच तो, त्याच्याकडं कुठून असणार! शाळेत आमच्या बाईंनी गर्भाशयाचा तो धडा "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला होता. मी तो उघडला, कोऱ्या कागदावर मोठं चित्र काढलं, रंगीत पेन्सिलींनी रंगवलं, आणि ब्लाऊजच्या टाचण्यांनी पाव्हण्याच्या पोटावर लावलं. तू बघतेस, बघत राहतेस. "अगं बया, हे तर बैलाचं तोंड! दोन बाजूंना शिंगं. पोळ्याला रंगवल्यावानी दिसतंय. इथून आलीस व्हय तू?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मग पदरानं डोळे पुसलेस आणि बैलाच्या नाकापाशी बोट टेकवलंस. "इथं. अन् रोजच कापड लागतंय आता."

ते चित्र घडी करून, पोलक्यात ठेवून, तू बाबांबरोबर सरकारी दवाखान्यात गेलीस. तिथं तुझं तोंड उघडलंच नाही, तू कागद टेबलावर ठेवलास आणि बोट दाखवलंस, हे बाबांनी मला फार पुढं सांगितलं. डॉक्टर तुला फार उशीर झाला म्हणाले, तेही तेव्हाच सांगितलं. त्या संध्याकाळी मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तू भाकरी थापत होतीस. "म्हणाले, पोरीचा हात लय चांगलाय. शिकवा म्हणाले."

"आणि?"

"आणि काय. गोळ्या."

मी येडी, आळीभर नाचत सांगत सुटले. पुढचा पोळा तू पाहिला नाहीस. दहाव्याला आलेल्या मावशीनं "हे भूत आधी काढा" म्हणून पाव्हण्याला उतरवलं. तो माळ्यावर गेला आणि वाळवीनं खाल्ला.

एवढी वर्षं मी तुझ्यावर चिडून आहे, आई. मला वाटायचं, लाजेपायी मेलीस आणि वर मलाही फसवलंस. आळीतल्या बायका मला बघून एकदम गप्प व्हायच्या, तरी मी विचारलं नाही, कारण तू सांगितलेलं मला गोड लागलं होतं. त्या एका वाक्यावर मी डिप्लोमा केला, पेठच्या शाळेत नोकरी केली. कितीदा वाटलं की सांगितलं असतंस तर निदान तुझ्याजवळ बसले तरी असते.

गेल्या आठवड्यात मी गंगापूर रोडला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. आता सगळं सोपं आहे. बाई डॉक्टर, मशिनं, लाजायचं कारण नाही. भिंतीवर गुलाबी, गुळगुळीत चित्र, कॉम्प्युटरवर केलेलं. मागे नदी नाही, फूल नाही. माझा रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी त्या चित्रावर पेन टेकवलं. बरोब्बर बैलाच्या नाकापाशी. मग बराच वेळ बोलत होत्या, चांगल्या समजावून सांगत होत्या. उशीर झाला, हे दोनदा म्हणाल्या. इतके दिवस का आला नाहीत, असंही विचारलं. लाज नव्हती. भीती वाटत होती, दुसरं काय. तुलाही तीच वाटली असणार. मी उठले तेव्हा त्याही उठल्या. माझ्या पदराला हात लावून म्हणाल्या, "साडी छान आहे हो. येवल्याची का?"

घरी लेक पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

मी म्हटलं, "म्हणाल्या, साडी छान आहे."

ती खूश झाली. लगेच फोनवर नवऱ्याला सांगायला लागली. आई, मी खोटं नाही बोलले. साडी त्यांना खरंच आवडली होती.