टायर बरा आहे

१२ नोव्हेंबर

चावलं! मला कुत्रं चावलं. डाव्या पोटरीला, वर दोन भोकं, खाली दोन.

समोरच्या गॅरेजचा टायर. काळा, म्हणून टायर; एक कान फाटका. एरवी मला पाहिलं की अर्धी गल्ली डोक्यावर घेतो. माझ्या कपड्यांना प्लॅस्टरचा वास येतो, तो त्याला सोसत नाही, असं गॅरेजवाला म्हणतो. आज मात्र चूप! मोडक्या गाडीखालून सरळ आला, चावला आणि काहीच झालं नाही अशा चालीने परत गाडीखाली जाऊन बसला. गुरगुरलाही नाही. चावण्यापेक्षा त्याच्या त्या गप्पपणाचंच मला जास्त वाटलं.

हातात डेंटिस्टकडून आणलेलं साच्यांचं खोकं होतं. ते पडलं. तीन जबडे फुटले. तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवून पोट भरतोय आणि आज दातांनीच दगा दिला.

आक्का शिवणाचं मशीन सोडून धावत आली. मला ओढत नळाखाली नेलं. साबण, पाणी, परत साबण. "हलू नकोस, छोट्या!" पन्नाशी उलटली तरी थोरल्या बहिणीला मी छोट्याच. चांगली पंधरा मिनिटं धूत होती, साबणाची निम्मी वडी संपली. शेजारीण तिखटाचा डबा घेऊन आली, जखमेत दाबा म्हणे! आक्का म्हणाली, "ते तुमच्या भाजीत घाला." बाई डबा घेऊन परत गेली.

दवाखान्यात दंडात पहिली सुई. जखम उघडीच ठेवायची, टाके नाहीत, पट्टी नाही. जखमेत भरायचं आणखी एक औषध असतं, ते संपलेलं. "उद्या सकाळी येतंय. नक्की या," नर्सबाई म्हणाली. डॉक्टरीणबाई तरुण, पण आवाज करारी. "पाच सुया. एकही चुकवायची नाही. आणि कुत्र्यावर नजर ठेवा, त्याला मारू नका, हाकलू नका. दहा दिवस धडधाकट राहिलं तर तुम्हाला धोका नव्हता असं समजू."

म्हणजे माझा जीव आता टायरच्या गळ्यात बांधला. तो जगला तर मी!

१३ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही. मेणात दात बसवायला घेतले तर ते गिऱ्हाईक बाईच्या तोंडाचे न दिसता कुणाचेतरी भलत्याचेच दिसायला लागले. फळीवर बिजागरीवर बसवलेले जबडे असतात, रोजचेच. आज त्यांच्यावर फडकं टाकलं.

ते जखमेतलं औषध घ्यायला गेलो नाही. जखमेत सुई — भोकात भोक! घरून निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. टायर गॅरेजच्या दारात बसून अंग चाटत होता, चांगला होता. उद्या जाईन. आक्काला सांगितलं, औषध भरलं, फार दुखलं. तिने बिचारीने पायाखाली उशी दिली.

१४ नोव्हेंबर

टायर दिसत नाही.

सकाळपासून खिडकीत बसून आहे. गॅरेजचं शटर अर्धं खाली. जाऊन हाक मारली तर गॅरेजवाला वाकून बाहेर आला, शर्ट घामाने चिंब. "मागे बांधलाय. तुमच्याच काळजीने बांधलाय ना." म्हटलं, एकदा बघतो. "नको नको, माणूस दिसला की चिडतो." आणि शटर आणखी खाली घेतलं.

घास उतरेना. आक्काला म्हटलं, माझी हत्यारं त्या डेंटिस्टकडच्या पोराला दे, फुकट दे. ती असली खेकसली! "गप्प बस! कुत्रं चावलंय तुला, वाघ नाही!" मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तरातरा गॅरेजकडे गेली.

परत आली ती दुपार उलटून गेल्यावर. आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, किती वेळ धूत होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "टायर बरा आहे."

डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. गॅरेजमध्ये?

१५ नोव्हेंबर

दुसरी सुई. रांगेत पुढे कोण, तर गॅरेजवाला, बाही वर करून! म्हटलं, तुम्ही? "पत्रा लागला." कुठे लागला, ते काही दाखवलं नाही. माझ्या नजरेला नजर देईना. एरवी हा माणूस तोंड मिटत नाही. नर्सबाईने मला त्या औषधाचं विचारलं, आलंय म्हणाली. घाईत आहे, उद्या येतो म्हटलं आणि सटकलो.

घरी आल्यावर डेंटिस्टचा फोन. मी परवा पाठवलेल्या कवळीत उजवीकडची दाढ डावीकडे बसवली होती! तीस वर्षांत पहिल्यांदा. "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं त्याने, हळू आवाजात. लाजेने मेल्यासारखं झालं.

१६ नोव्हेंबर

टायर आला! गॅरेजच्या दारात, लांब दोरीला. उभा आहे, शेपटी आहे, भूक आहे. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

फाटक्या कानाला ताजी जखम दिसतेय, त्यावर जांभळं औषध फासलंय. गॅरेजवाला ओरडून म्हणाला, खाजवून खाजवून जुनी जखम उघडली. ठीक. पण माझ्या डोक्यात फाटका कान उजवा होता. हा डावा आहे.

आक्काला विचारलं. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "डावाच. पहिल्यापासून डावा." मी प्रश्न पुरता करायच्या आधीच.

आता माझंच काय ते. दिवसभर मी माणसांच्या तोंडात समोरून बघत असतो, समोरच्याचं उजवं ते माझं डावं. साच्यात तर सगळंच उलटं. इतकी वर्षं मनातल्या मनात फिरवून घेत आलो, कधी चुकलं नाही. पण आता त्या दाढेचं झालंच ना? भीतीने डोक्यातलं डावं-उजवंच सरकलंय.

तरी दिवसभर तो कान बघत होतो.

१७ नोव्हेंबर

"टायर बरा आहे. जेवला." — आक्का. मीही जेवलो.

१८ नोव्हेंबर

धीर करून जवळ गेलो. दोरीच्या टप्प्याबाहेर उभं राहून हाक मारली, "टायर!" ढिम्म. मान वळवली नाही. परत मारली. नाही. गॅरेजमध्ये पाना पडला, त्या आवाजाला मात्र वळला, मला पाहिलं आणि उठून आला. माझ्या प्लॅस्टरच्या हातांचा वास घेतला. सावकाश, एकेक बोट, नवीन माणसाचा घेतात तसा. आणि शेपटी हलवली!

चार वर्षं ज्याने मला गल्लीत सुखाने चालू दिलं नाही, तो हा.

"चावून त्याचा राग निवला," गॅरेजवाला म्हणाला आणि हसला. मीही हसलो. मग आमच्या लक्षात आलं की कोपऱ्यावरची सगळी कुत्री टायरकडे तोंड करून भुंकतायत, परकं कुणी गल्लीत शिरलं की भुंकतात तशी. गॅरेजवाल्याचं हसू तिथेच विरलं. दोरी धरून त्याने कुत्र्याला आत नेलं.

आक्का या सगळ्या वेळात खिडकीशी आली नाही. हल्ली येतच नाही. खिडकीकडे पाठ करून शिवते.

१९ नोव्हेंबर

तिसऱ्या सुईचा दिवस. निघालो आणि बागेत जाऊन बसलो.

का घ्यायची? कुत्रं ठणठणीत आहे. शेपटी हलवतंय. दंडाला दोनदा भोसकून घेतलंय तेवढं पुरे. डॉक्टरीणबाईच म्हणाली ना, धडधाकट राहिलं तर धोका नाही? दहा दिवस म्हणाली होती हे कबूल. पण आज काय नि तीन दिवसांनी काय. बाकावर ऊन छान होतं. शेंगदाणे खाल्ले.

घरी आलो तर आक्का दारातच. "झाली?" झाली म्हटलं. तिने दंडाला हात लावला, तसा मी कळवळून "आई गं!" केलं. नाटकात जायला हवं होतं मी. तिने वाटीभर खीर दिली. खाताना थोडं मेल्यासारखं वाटलं, पण खाल्ली.

२२ नोव्हेंबर

सुटलो! मुदत संपली, टायर उड्या मारतोय, आणि मी वाचलो! फळीवरच्या जबड्यांवरचं फडकं काढलं. दाढ दुरुस्त करून पाठवली, डेंटिस्ट म्हणाला, झकास.

आनंदाच्या भरात आक्काला म्हणालो, आता राहिलेल्या सुयांची गरजच नाही! ती अशी उसळली की हातातलं शिवण खाली पडलं. "पाचही घ्यायच्या! एक जरी चुकवलीस ना छोट्या, तर माझ्याशी बोलू नकोस! माझी शपथ आहे!" चेहरा पांढराफटक. अगं पण कुत्रं जगलं की, म्हटलं. ती खिडकीकडे बघायला वळली आणि अर्ध्यातच थांबली. "ते मला सांगू नकोस," म्हणाली.

काळजीने बाईचं डोकं फिरलंय. बरं बरं म्हणालो. उगाच वाद कशाला.

२६ नोव्हेंबर

चौथी बागेत घेतली. आज शेंगदाणेवाला नव्हता.

येताना गॅरेजवाल्याने अडवलं. "चौथी झाली ना?" झाली म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? "नाही, सहज." दोघांनी मिळून माझ्या दंडाचा ठेका घेतलाय की काय!

२ डिसेंबर

टायर आता माझ्याशी खेळतो. मी टाकलेला चेंडू आणून देतो, कधी नव्हे ते. आज त्याची दोरी धरून फिरवायला निघालो, गॅरेजला वळसा घालून मागच्या बाजूने. तिथे कुंपणाशी जमिनीवर चुन्याचा पांढरा चौकोन आहे. नीट आखलेला, कडेला विटा. तिथे काहीच नाही, नुसता चुना.

टायर थांबला. चारही पाय रोवले. मानेवरचे केस उभे. मी ओढलं तर बसकण मारली आणि रडायला लागला. बारीक, लहान मूल झोपेत रडतं तसा. दोघं मिळून उलटे पळालो म्हणायला हरकत नाही.

आक्काला सांगितलं, गॅरेजमागे चुना कसला टाकलाय गं? मशीन चालूच राहिलं. कापड सुईखालून केव्हाच निघून गेलं होतं आणि ती नुसतंच मशीन चालवत होती.

७ डिसेंबर

जखम भरली. चार गुलाबी ठिपके उरलेत. दोन दिवस मात्र तिथे मुंग्या येतायत, आत कुणी बोटाने हळूच टकटक करावं तसं. जखम भरताना असं होतंच म्हणे. म्हणे म्हणजे, मीच म्हणतोय.

९ डिसेंबर

उद्या शेवटची. म्हणजे उद्या शेवटचं खोटं. मग आक्काला सुखाने झोप लागेल आणि मलाही.

१० डिसेंबर

"झाली पाचवी?" झाली म्हटलं. आक्का मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली. "आता सांगते. रागावू नकोस हं. तुझा टायर त्या चौदा तारखेलाच गेला रे. पिसाळून गेला. लाळ गळत होती, पाणी पुढे केलं की अंग आकसून घ्यायचा. मी शेवटपर्यंत तिथे होते. मागेच पुरलाय. हा त्याचा भाऊ, गॅरेजवाल्याच्या मेहुण्याकडून आणला. कान मीच कापला, माझ्या कात्रीने. घाईत चुकीचा कापला बघ! काय करणार, तू तर भीतीनेच मेला असतास. सुया चालूच होत्या, जखमेतलं औषधही भरलं होतं. मग म्हटलं, याला कशाला कळायला हवं? गॅरेजवाल्याने आणि मीही सगळ्या सुया घेतल्या." आणि माझा दंड कुरवाळायला लागली. महिन्याभरात ती अशी मोकळी हसली नव्हती.

मीही हसलो. पाकीट दवाखान्यात राहिलं म्हणून सांगितलं आणि धावत सुटलो. आता इथे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. मला फार भीती वाटतेय.

नर्सबाईने बाही वर करायला सांगितलीय. विचारतेय, "कितवी सुई?"