तूप म्हणून गेलेली डबी

२ नोव्हेंबर, रविवार
ड्यूटीवरून आले तर वास जिन्यातच. दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. रुकसानाआपा आमच्या गॅसवर, माझ्या बिर्याणीच्या पातेल्यात गाईची चरबी कढवत होती. इरफानची ही मोठी बहीण, माझी नणंद, खालच्याच मजल्यावर राहते, पण तिच्या नवऱ्याला वास सहन होत नाही, म्हणून आमचं स्वयंपाकघर. चावी इरफानने दिलेली. वर पिवळट फेस, कडेला तपकिरी चोथा. त्याचं म्हणे तोंडाला लावायचं क्रीम होणार.
"मिठाच्या पाण्यात दोनदा उकळली की वास जातो," म्हणाली.
गेला नाही. पडद्यांत बसलाय. केसांतही.

४ नोव्हेंबर
काल गोठलेली पांढरी वडी आज मिक्सरने फेटली. ऑलिव्हचं तेल, लव्हेंडरचे थेंब. छान फुगतं, दिसायला लोणीच. काचेच्या लहान डब्या, वर सोनेरी झाकण. "सगळं जग लावतंय. तू लॅबवाली असून मागे." आणि मी नको म्हणायच्या आत बोटभर माझ्या गालाला फासलं.
तीनदा साबण लावला. गाल मेणचटच. लव्हेंडरच्या खालून तोच वास येत राहिला.
मोठ्याचं मटण, गाईम्हशीचं, लहानपणापासून खाल्लंय, कधी काही वाटलं नाही. मग हे का? खाल्लेलं पोटात जातं, संपतं. हे अंगावर राहतं. नीट सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हॉस्पिटलमधली मैत्रीण मंजिरी आली होती, तिच्या सासूबाईंना घेऊन. काकू साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आखातात आल्यात. त्यांना आमच्या अझीझिया भागातली दुकानं बघायची होती, मग आमच्याकडे. आयसीयूत सतत हात धुऊन धुऊन मंजिरीचे हात सोलवटलेत, पेरांना चिरा, एका चिरेतून रक्त. बघवत नाही.
मी चहा टाकायला आत. बाहेर आले तर आपाने दोघींना एकेक डबी दिलेली, काकू झाकण काढून हुंगत होत्या.
काय आहे ते विचारूनच घेतली असेल, असं मनाशी म्हटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं का? चहा ओतत राहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार
कॅन्टीनमध्ये मंजिरीने दोन्ही हात पुढे केले. चिरा भरल्यात. खरंच भरल्यात.
"तुझ्या आपाचं तूप म्हणजे जादू आहे गं. आई म्हणाल्या, हे शंभर वेळा धुतलेलं तूप, आता कोण करतं एवढे कष्ट."
तूप.
काकू टाचांना लावतात. ओठांनाही. संध्याकाळी तेच हात देवापुढच्या दिव्याला. मंजिरी कौतुकाने सांगत होती आणि माझा घास तोंडात फिरत होता. शेवटी टिश्यूत काढला. म्हणाले, दाढ दुखतेय.


१७ नोव्हेंबर
आपाला विचारलं.
"मी खोटं काय बोलले? गाईचंच आहे म्हटलं."
"आणि तूप?"
"ते म्हातारी म्हणाली. मी हसले नुसती."
हसली. हे ती बदामाची सालं काढत म्हणाली, हातही थांबला नाही. 
इरफान म्हणतो, "आता सांगून काय मिळणार? तिचा जीव जळेल फक्त. हात तर बरे झालेत ना? खलास."
खलास. त्याला सगळंच खलास करता येतं.

२० नोव्हेंबर
आज मंजिरीला सांगणार होते. लिफ्टपर्यंत तिच्याबरोबर गेले. तिने हात माझ्या नाकाशी धरला, "वास बघ ना किती छान." मी मागे सरकले. तिला वाटलं, मला हसू आलंय.

२२ नोव्हेंबर
सुट्टी. पातेलं घासलं, लिंबू, व्हिनेगर, राख सोडून सगळं. पाणी ओतलं की अजून कडेला चरबीचे डोळे तरंगतात. टाकून दिलं शेवटी.
गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या ग्रुपबरोबर बँकॉकला गेलो होतो ते सारखं आठवतंय. मंजिरी स्वतः शाकाहारी, तिला फळांवर भागवता आलं असतं. पण प्रत्येक गाडीवर माझ्यासाठी विचारत फिरायची, यात डुकराचं काही नाही ना. कढईचं तेलसुद्धा विचारायची. एकदा मी भुकेने कंटाळून म्हणाले, जाऊ दे, कोणाला कळतंय. तर म्हणाली, "मला कळतंय ना."

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं. शिफ्ट बदलताना, लॉकररूममध्ये.
"मंजिरी, ती डबी तुपाची नाहीये. चरबी आहे. गाईची."
ती बुटाची नाडी बांधत होती. बांधून पुरी केली. मग हातांकडे बघितलं. सकाळीच लावलेलं असणार, चकाकत होते.
बेसिनपाशी गेली. कोपरापर्यंत धुतले, ऑपरेशनला धुतात तसे. बराच वेळ. पुन्हा साबण. मी टॉवेल पुढे केला, घेतला नाही.
"तुला कधीपासून माहीत?"
"तूप समजून लावताय हे रविवारी कळलं. सोळा तारखेला."
"म्हणजे नऊ दिवस."
"हो."
"नऊ दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलीस."
आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं. जाताना दारातून म्हणाली, "आईंना सांगायचं नाही. हे त्यांना झेपणार नाही. तूही नाही सांगायचं."
हो म्हटलं. आता लिहिताना कळतंय, मी कशाला हो म्हटलं ते. काकू लावतच राहणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आपाकडून चावी मागून घेतली. इरफान बाजूलाच उभा होता.
मी म्हटलं, डबीवर लिहा, गाईची चरबी. ठळक.
"मग घेणार कोण? आणि ज्यांना चालतं त्यांनाही वाचून किळस येईल."
"येऊ दे."
"एका बाईपायी घरात फूट पाडतेस, नसरीन."
चावी पर्समध्ये टाकली. स्वयंपाकघर सोडून दिलंय तिने, चरबी नाही. आज दुपारी खालून तोच वास वर आला. खिडकी लावली. एसीतून आला.

२ डिसेंबर
मंजिरीने शिफ्ट बदलून घेतली. लॅबच्या खिडकीशी सॅम्पल द्यायला आली तेव्हा दोन ग्लोव्ह्ज एकावर एक. मनगटाशी कातडी पुन्हा लाल, फाटलेली.
मी व्हॅसलीन सुचवलं. म्हणाली, "सध्या काहीच लावावंसं वाटत नाही." सॅम्पलचा नंबर वाचून दाखवला आणि गेली.
तिच्या हातांकडे बघून मला शिसारी आली. हातांची नाही. माझी.

५ डिसेंबर, शुक्रवार
काकूंचा फोन. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून, पहिल्यांदाच.
"नसरीन, तुझ्या नणंदेचं तूप संपलं गं. मंजिरीची डबी तर दिसतच नाही, कुठं टाकली कोण जाणे. ती म्हणते, त्या आता करत नाहीत. खरं का?"
खालून वास येत होता, फोन कानाशी असताना. मी म्हणाले, "हो काकू."
"मग कृती तरी सांग. मीच करते. गेली पंधरा वर्षं टाचांनी छळलंय मला. साताऱ्याला चार बायकांना करून देईन, दुवा देतील तुझ्या नणंदेला."
म्हणाले, विचारून सांगते.
"फोनवर नको, मला ऐकायला येत नाही धड. रविवारी मंजिरीची ड्यूटी आहे ना, टाचा दाखवायच्या निमित्ताने तिच्याबरोबर दवाखान्यातच येते. वही आणते. कृतीचं मंजिरीला बोलू नकोस, ती नाही म्हणेल."
त्यांनी फोन ठेवला.
आता मंजिरीचं काकूंना सांगायचं नाही, आणि काकूंचं मंजिरीला. इरफानला विचारलं नाही, तो काय म्हणेल ते माहीत आहे.
मंजिरीचा नंबर दोनदा लावला. दोन्ही वेळा वाजायच्या आत कापला.
परवा रविवार.