उसनी जीभ

११ फेब्रुवारी
बेटावर पोचले. खोली धक्क्याच्या वरच, खिडकीतून बोटी दिसतात. 'कुठे खावं, कुठे फिरावं' – पुस्तिकेसाठी हे माझं नववं बेट. आणि जिभेला चव नाही! तापातून उठून दोन महिने झाले, मीठ की साखर कळत नाही, वास तर नाहीच. साहेबांना सांगितलेलं नाही. सांगितलं की काम गेलं! थोरली बहीण फोनवर म्हणाली, "आंधळ्यानं रंगाचं दुकान टाकावं, तसं झालं की गं तुझं!" हसले, पण झोंबलं.

१२ फेब्रुवारी
दीपगृहाच्या एकशे बारा पायऱ्या. खाडीकाठची वाट. फिरायला जीभ लागत नाही, तेवढं बरं.

१३ फेब्रुवारी
धक्क्यामागची खानावळ. पाच टेबलं, ओल्या फडक्यानं नुकतीच पुसलेली. मासळीचं कालवण नि भात. शेजारचे काय म्हणतात ते ऐकून चव लिहायची, ही माझी युक्ती – पण आज कुणी बोलेचना. ताट स्वच्छ केलं आणि खानावळवालीला म्हटलं, "वा! मीठ-तिखट अगदी बेताचं!"

ती बघतच राहिली. "बाई, आज मीठ मीही घातलं नि सुनेनंही. सगळ्यांनी ताटं तशीच टाकली. तुमच्या जिभेला झालंय काय?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलते. पण म्हणाली, "लोक तुमचं वाचून येणार. खोटं नका लिहू. गिऱ्हाईक एकदाच फसतं. दुपारी सून बघेल इथलं, मी येते तुमच्याबरोबर. जीभ माझी, लिहिणं तुमचं."

१५ फेब्रुवारी
दोन दिवसांत सहा ठिकाणं. बाईची जीभ म्हणजे तलवार! दीपगृहाखालचं हॉटेल – "तेल कालचं. कालचं कसलं, परवाचं." बाजारातला भजीवाला – "हात चांगला, पण घाई फार." भीडमुर्वत नाही. मी भराभर लिहून घेते. इतकं नेमकं तर मी चव असतानाही लिहिलं नव्हतं!

१६ फेब्रुवारी
आज तिच्या जावेकडे. पूर्वी एकच खानावळ होती, अकरा वर्षांपूर्वी वाटणीवरून फुटली. तेव्हापासून दोघींत अबोला. गेल्या वर्षी दीर गेला, आता जाऊ एकटीच चालवते. भर जेवणाच्या वेळी आम्ही दोघीच गिऱ्हाइकं. जावेनं मान खाली घालून वाढलं. वाटलं, आता ही नाक मुरडणार. तर हिनं चाटूनपुसून खाल्लं! डोळ्यांत पाणी.

बाहेर आल्यावर म्हणाली, "बेटावर असं कालवण कुणाच्या हातचं नाही. पहिलं हिचं लिहा."

"आणि तुमचं?"

"माझं दुसरं."

अकरा वर्षांचं वैर, तरी जीभ खोटं बोलली नाही! पहिलं नाव जावेचं लिहिलं. उद्या दहाच्या बोटीनं पाकीट साहेबांना.

१७ फेब्रुवारी
साडेआठला पाकीट घेऊन धक्क्यावर गेले – आणि डिझेलचा वास! वास आला! आनंदानं रडूच फुटलं. बोटीला वेळ होता. पहिला घास बेटावरच्या सगळ्यांत चांगल्या कालवणाचा, म्हणून तडक जावेकडे.

अळणी. खाली लागलेलं. वरून आंबूस. घास गिळवेना.

मान वर केली तर कोपऱ्यात खानावळवाली! तेच कालवण खात होती. जाऊ शेजारी बसून म्हणत होती, "अगं, अजून घे ना." खानावळवालीनं माझं तोंड बघितलं आणि डोळ्यांनीच दटावलं.

"मलाही वाढा थोडं," मी म्हटलं.

पाकीट दहाच्या बोटीनं गेलं, न फोडता. गिऱ्हाईक एकदाच फसतं म्हणे. फसू दे एकदा!