अशीच एक रजा

प्रिय वहिनी,

"वन्सं, तुमच्यासाठी मुहूर्त थांबेल, उतू जाणारं दूध थांबायचं नाही." लग्न होऊन आलीस त्या वर्षी तू मला हे ऐकवलं होतंस. कॉलेजची वेळ टळून गेलेली आणि मी आरशासमोर निवांत वेणी घालत होते. उशिरावरून मला बोलायची हिंमत घरात फक्त तूच केलीस, तीही अशी हसत की रागावता येऊ नये. परदेशातल्या या शाळेत शिकवायला लागल्यापासून तुझी आठवण आल्याशिवाय एक सकाळ जात नाही. त्यात परवा दादाच्या तोंडून निसटलं, की तुला ओट्यापाशी चक्कर आली आणि डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली आहे. वन्संना कळवू नका म्हणून त्याला दटावलंस म्हणे. त्याकडे येतेच.

सुरुवातीला मी घंटेबरोबर वर्गात शिरायचे आणि स्वतःला वक्तशीर समजायचे. इथे घंटा होते तेव्हा फळा पुसलेला आणि बाईंचा श्वास जागेवर आलेला हवा. ते जमलं. खरी फजिती झाली ती तास संपवण्यात. आपल्याकडे घंटेनंतरही शिकवत राहते ती चांगली बाई. मी पृथ्वीचं फिरणं रंगात येऊन सांगत होते आणि पुढचा तास असलेल्या गाण्याच्या बाई दाराबाहेर उभ्या. दार वाजवलं नाही, कपाळाला आठी नाही. दुपारी मात्र चहाचे दोन कप घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, तुमचा तास छान झाला, पण शेवटची मिनिटं माझी होती. मला झोंबलं. मी म्हटलं, मुलंच म्हणत होती, अजून सांगा. त्या हसल्या. "माझ्याही तासाला म्हणतात ना," म्हणाल्या.

त्या दिवशी मी पुष्कळ चडफडले. पुढे एकदा शाळा सुटल्यावर वह्या तपासत बसले, म्हटलं आता तरी शाबासकी मिळेल. मुख्याध्यापिका उलट काळजीत पडल्या. काम जास्त होतंय का, एक वर्ग कमी करू का, विचारू लागल्या. हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या दमण्याची चौकशी पहिल्यांदाच कुणी केली. आता मी वेळेवर निघते, पायी घरी जाते, वाटेत बाकावर उगीच बसते.

मग गाण्याच्या बाई आठवडाभर रजेवर गेल्या. परतल्यावर मी आपलं सवयीनं विचारलं, कुणाचं लग्न होतं की दुखणंखुपणं? "काही नाही. अशीच घेतली," त्या म्हणाल्या. घरीच लोळत होत्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आणि मी हातात खडू धरून आठवत राहिले, वहिनी, तू अशीच कधी कुठे गेलीस? माहेरी गेलीस ती बहिणीच्या बाळंतपणाला, नाहीतर वडिलांच्या ऑपरेशनला. मी इथे यायच्या तोंडावर आईचं खुब्याचं हाड मोडलं. मी जाणं रद्द करायला निघाले, तर तूच माझी बॅग भरलीस आणि वर म्हणालीस, आता मागे वळलात तर खबरदार. तेव्हापासून आईचं उठणं-बसणं, अंघोळ, औषधं सगळं तुझ्या हाती. बाकावरची माझी संध्याकाळ तुझ्या जिवावर आहे. याचे आभार कसे मानतात, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून तुझ्या चक्करीचं कळल्याबरोबर रजा मागितली. कारण सांगायला मोठं भाषण तयार केलं होतं, पण मुख्याध्यापिकांनी फक्त तारखा विचारल्या. तुमचे तास मी सांभाळते, गाण्याच्या बाई म्हणाल्या. तिकीट काढलं आहे. पुढच्या आठवड्यात येते, आईचं सगळं मी करीन. तू म्हणशील, वन्सं, तुम्हाला आईंना कुशीवर वळवणंही जमायचं नाही. मग आल्या आल्या तेवढं शिकव आणि बहिणीकडे जा. तिच्याकडे सध्या कुणी आजारी नाही, कुणाचं बाळंतपण नाही, मी फोन करून खात्री करून घेतली आहे. तुझं "छे, काहीतरीच काय" मला इथपर्यंत ऐकू येतंय. तरी विचारते. महिनाभर अशीच जाशील? आणि तिथून रोज फोन करून आई जेवल्या का, ते विचारणार नाहीस ना?

तुझीच,
वन्सं