दिवसाढवळ्या दिवा

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हीस,

अ. उ. आ. आणि सोबत एक कानपिळणी, ती पोस्टाने पोचत नाही म्हणून आईकडून घे.

तुझ्या आईचा फोन आला होता. रडत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. म्हणाली, वळणाऱ्या गाडीने तुला उडवलं, पुढचं चाक वाकून त्याचा आठचा आकडा झाला, गुडघा सोलला. आणि तू घरात पाय टाकल्या टाकल्या सांगितलंस काय, तर लॅबच्या डब्यातले नमुन्याचे दात शाबूत आहेत. नशीब समज, रस्त्यावर सांडले असते तर तेच सांडले असते, तुझे तोंडातले नाहीत.

आता नीट ऐक. मी इतकी वर्षं बस चालवतोय. माझ्या सीटवरून सायकलवाला म्हणजे डोळ्यात गेलेलं कुसळ. दिसत नाही, पण छळतो. गाड्यांच्या गर्दीत तुझं काही काम नाही. सायकलला कुलूप लाव आणि किल्ली आईच्या हातात दे. माझी सुट्टी गुरुवारची, पण मधले तिन्ही गुरुवार डबल ड्यूटी लागलीय. म्हणून २६ तारखेला येतो आणि सायकल बसच्या पोटात घालून घेऊन जातो. आमच्या डेपोतल्या मेकॅनिकला त्याच्या पोरीसाठी हवीच आहे.

तुझी मामी म्हणते, फार कडक लिहू नका. नाही लिहिलेलं.

गुडघ्याला जप. लोभ आहे म्हणूनच हुकूम आहे, एवढं कळावे.

तुझा
मामा

---

८ फेब्रुवारी

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात. गुडघा अजून वाकत नाही.)

तुझं पत्र बाबांनी नेहमीसारखं जेवण झाल्यावर मोठ्याने वाचलं. आपल्याकडे फोनवर भांडायचं नाही, भांडण पत्रातच करायचं आणि पत्र वाचून पूर्ण होईपर्यंत कोणी मध्ये तोंड उघडायचं नाही, हा नियम तुझाच. म्हणून मी गप्प बसले. किल्लीपण दिली. आता माझी पाळी.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. सायकल देणार नाही.

आधी झालं काय ते सांगते, कारण आईने तुला फक्त चाकाबद्दल सांगितलंय. भर दुपार, लख्ख ऊन, रस्ता सरळ. मी माझ्या बाजूने, लाल शर्टात. समोरून एक गाडी आली आणि पेट्रोल पंपाकडे जायला माझ्या पुढ्यातूनच वळली. माणूस खाली उतरला. चांगला होता रे. मला उठवून सायकल कडेला घेतली. एकच गोष्ट परत परत सांगत होता, की तू मला दिसलीच नाहीस. मामा, तो खोटं बोलत नव्हता. मला भीती पडल्याची नाही वाटली, याची वाटली.

मग मी सीरियसली विचार केला. मी दिसले नाही, हा प्रॉब्लेम आहे ना? मग मी दिसेन अशी सोय करायची, की मला घरीच बसवायचं? तुझ्या पत्रात दुसरा उपाय आहे. मी पहिला केला. चाक सरळ करायला दिलं तेव्हाच हँडलला पुढे दिवा लावून घेतलाय, उघडझाप करणारा. दिवसासुद्धा चालू ठेवणार. सायकलवाले काका खूप हसले. म्हणाले, सूर्य हेच काम फुकटात करतोय. मी त्यांना सांगितलं, आजकाल मोटरसायकलचा दिवा दिवसभर चालू असतो, त्याला कोण हसतं का. त्यावर त्यांनी गुपचूप स्क्रू आवळला.

आणि फेरीचं तुला नीट माहीत नाही बहुतेक. आमच्या लॅबमध्ये दातांच्या कॅप बनतात. माप डॉक्टर पाठवतात, पण रंग मापात येत नाही. प्रत्येकाच्या दाताचा पांढरा वेगळा असतो, तो डब्यातले नमुन्याचे दात शेजारी धरून, तोंडात बघूनच जुळवावा लागतो. ते काम मॅडमनी मला दिलं, कारण माझ्याकडे सायकल आहे आणि आमचे निम्मे दवाखाने अशा गल्ल्यांत आहेत जिथे तुझी बस शिरली तर अडकून बसेल. सायकल गेली की फेरी गेली. फेरी गेली की मी परत दिवसभर मागच्या खोलीत प्लास्टर कालवणार. माणसं बघायची सोडून वाट्या बघायच्या. नको मला ते.

जाता जाता एक. मेकॅनिकची पोरगी काय ढगांतून सायकल चालवणार आहे का? तिलाही रस्ताच लागणार ना?

मामीला नमस्कार. कडक लिहिलं असेल तर तुझ्यावर गेलेय असं समज. लोभ माझ्यावर आहे तेवढाच सायकलवरही असावा.

तुझी
भिंगरी

---

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी हीस,

आशीर्वाद. या वेळी उत्तम नाहीत, साधेच आहेत.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसली. माझ्या बाजूने नव्हे.

मेकॅनिकच्या पोरीचा टोमणा बरोबर बसला. ती कॉलेजच्या आवारातच चालवणार आहे, असं तो म्हणतो. पुढे मी विचारलं नाही.

पण दिव्याचं ऐक. माझी संध्याकाळची फेरी असते. समोरून असा उघडझाप करत कोणी आला की दिसतो, हे मी नाकारत नाही. पण किती लांब आहे ते कळत नाही. दिवा विझतो तेव्हा एका जागी असतो, परत लागतो तेव्हा भलत्याच जागी. मधला रस्ता मी अंदाजाने भरायचा. माझ्या मागे अख्खी बस भरून माणसं बसलेली असताना मला अंदाज नको असतो. त्यात ते लोक दिवा असा लावतात की सरळ डोळ्यांत घुसतो आणि पुढचे दोन सिग्नल काजवे दिसत राहतात. परवा एकाला मी खिडकीतून जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणि समज, सगळ्यांनीच लावले असले दिवे. प्रत्येक जण मी इथे, मी इथे करत डोळे मिचकावतोय. मी बघू कोणाकडे? रस्ता आहे की सेल लागलेलं दुकान?

तुझं काम गेलं तर मला आनंद होणार नाही. पण काम दुसरं मिळतं. २६ तारीख बदललेली नाही.

पायी जा, सावकाश जा. लोभ जागच्या जागी आहे, सायकलवर तेवढा नाही.

मामा

---

१७ फेब्रुवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि. (आता गुडघा वाकतो. पण मुद्द्यावर वाकणार नाही.)

तुझा अंतराचा मुद्दा मला पटला. पटला हे लिहायला दोन कागद फाडावे लागले, तरी लिहितेय. म्हणून उघडझाप फक्त दिवसा. संध्याकाळ पडली की स्थिर दिवा, तोही आणलाय, हँडलच्या दुसऱ्या बाजूला लावलाय. सायकलवाले काका म्हणाले, आता एक छोटी बॅटरी घरातल्या लोकांसाठीपण घेऊन जा, म्हणजे त्यांनाही काहीतरी दिसेल. मी ती घेतली नाही, मामी म्हणते ना फार कडक होऊ नये.

पण सगळ्यांनीच डोळे मिचकावले तर, हा मुद्दा अजिबात नाही पटला. तुझी बस केवढी आणि मी केवढी? तुला मी इथे असं सांगावं लागत नाही. तू आलास की खिडक्यांच्या काचा थरथरतात. जो आपोआप दिसतो त्याने न दिसणाऱ्याला गप्प बस म्हणायचं, हे फेअर नाही मामा.

आता काल काय झालं ते, सगळं खरं. मी आईला म्हटलं, निर्णय तुम्ही घेताय तर निदान एकदा बघून घ्या. एका तासासाठी किल्ली मागितली. आईला बिल्डिंगच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभं केलं, ड्रायव्हर म्हणून. मी पलीकडून दिवा लावून आले. आई दोन्ही हातांनी डोळे झाकून ओरडायला लागली की बंद कर, बंद कर ते. म्हणाली, दिसलं काहीच नाही, नुसते हिरवे-पिवळे ठिपके. मला वाटलं, तुझं पत्र वाचून नाटक करतेय. म्हणून सायकल स्टँडला लावली आणि तिच्या जागी जाऊन उभी राहिले. मामा, मला पण सायकल दिसली नाही.

चूक माझीच. लॅबमध्ये रंग जुळवताना दिवा सरळ माणसाच्या तोंडावर धरायचा असतो. हाताला तीच सवय. हँडलवर बसवताना मी समोरच्याच्या तोंडाची उंची धरली आणि काकांकडून घट्ट आवळून घेतला. अख्ख्या रस्त्याचे दात तपासत निघाले होते मी. ज्यांना तू खिडकीतून बोलतोस त्यांच्यातलीच मी एक. मग स्क्रू सैल केला, दिव्याची मान खाली वाकवली, रस्त्याकडे. आणि परत गेले, या वेळी खूप लांब, पार कोपऱ्यापर्यंत. परत आले.

दुसऱ्यांदा आई काहीच बोलली नाही. चांगलं नाही, वाईट नाही. किल्ली मागून घेतली, पर्समध्ये टाकली आणि वर निघून गेली.

तर सध्या मी पायीच फिरतेय. डबा खांद्याला, पाय रस्त्याला. दोन दवाखाने रोज राहून जातात. मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत थांबेन, मग फेरी दुसऱ्या मुलीला देईन. तिच्याकडे स्कूटर आहे.

२६ ला जरूर ये. मी सायकलच्या कॅरिअरवर बसलेली असेन. बसच्या पोटात घालायची तर दोघींना घाल.

लोभ असावा. नसला तरी मी हेच लिहिलं असतं.

भिंगरी

---

२१ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. आजवर तुझी पत्रं मी फक्त ऐकत आले. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आलीय. ह्यांनी विचारलं, लिहून देऊ का. मी म्हटलं, माझं मी लिहीन.

भिंगरीने तुला कळवलंय की मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? पहिल्यांदा तो दिवा डोळ्यांत घुसला तेव्हा खरं सांगते, मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, कारण मिळालं.

दुसऱ्यांदा ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे झाडांची दाट सावली आहे आणि कडेला ट्रक उभे असतात. मी डोळे ताणून बघत होते, पण पोरगी काही दिसेना. आधी दिसली ती नुसती उघडझाप, टिकलीएवढी. मग बऱ्याच वेळाने तिचा लाल शर्ट. दादा, मधल्या वेळात माझ्या लक्षात आलं, की दिवा नसता तर तेवढा वेळ माझ्यासाठी तो रस्ता रिकामाच होता. मी तिची आई. दुसरं काही काम नाही, मुद्दाम तिलाच शोधत उभी. तरी नाही दिसली. गाडीवाल्या परक्या माणसाला तर दहा कामं असतात.

तेवढ्यात समोरच्या फर्निचरवाल्याचा टेम्पो फाटकातून अर्धा बाहेर आला आणि थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं काय येतंय ते. ती पुढून गेली, मग तो निघाला. जाताना तिला काहीतरी बोललासुद्धा, तोंड वाकडं करून. बोलू दे. थांबला ना?

नंतर चार दिवस किल्ली पर्समध्ये होती. भाजी घ्यायला पर्स उघडली की तीच हाताला लागायची. पोरगी रोज पाय सुजवून घरी येत होती आणि ताट घेऊन आतल्या खोलीत जेवत होती. तुझ्यावर गेलीय असं ती म्हणते. मला वाटतं, ते दोघांनी आपापसात ठरवा.

आज सकाळी मी तिला किल्ली दिली. ह्यांना विचारलं नाही. तुलाही विचारत नाहीये, कळवतेय. तुला फोन मीच केला होता. तुला मध्ये मी घातलं, आता बाजूला हो हेही मीच सांगते. लहानपणापासून तुझा शब्द खाली पडू दिला नाही, म्हणून हे लिहिणं जड जातंय. पण खोडणार नाही. संध्याकाळी स्थिर दिवा लावायचा, ही तुझी गोष्ट मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलीय. ती विसरली तर मी आहे. मेकॅनिकला सांग, पोरीला नवीन सायकल घे आणि पुढे दिवा लाव.

गुरुवारी तू येच. वहिनींनाही घेऊन ये, जेवायलाच या. सायकल घरी सापडणार नाही, गुरुवारी तिची लांबची फेरी असते. ती यायच्या वेळेला आपण दोघं गॅलरीत उभे राहू आणि तिला कोण आधी बघतं ते बघू. तू बसचा ड्रायव्हर आहेस, नजर तयार आहे तुझी. तरी मी सांगून ठेवते, मला आधी दिसेल.

लोभ कमी करू नकोस. केलास तरी किल्ली परत घेणार नाही.

तुझी
धाकटी